मुद्दा क्रमांक चौदा आणि हाँगकाँगचं धुकं

“बाबा, तुम्ही आयुष्यात एकदा तरी कुणाची परवानगी न घेता काही केलंय का?”

सृष्टीने हा प्रश्न पिठलं वाढून घेता घेता विचारला. प्रश्न तिचा नव्हताच. दुपारी प्री-बोर्डचा शेवटचा पेपर झाल्यावर शाळेबाहेरच्या मोमोवाल्यापाशी अक्षया आणि चेतना या दोघींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. अक्षयाचं म्हणणं, सृष्टी हल्ली यार फार उडते, बघू या घरी किती उडते ते. उडण्याचं कारण असं, की डिसेंबरात शाळेच्या अॅन्युअल डेला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा ऐन वेळी बसला आणि दहा वर्षं मागच्या बाकावर काढलेल्या सृष्टीला कुणीतरी माइकसमोर ढकललं. तिथे तिला एकदम शोध लागला की आपल्याला आवाज आहे. पुढच्या आठवड्यात हा शोध फरीदाबादच्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीला लागला, कारण ती आता लिफ्टमध्येसुद्धा समोर तीनशे पालक बसल्यासारखी बोलायची.

जानेवारी होता. बाहेर इतकं धुकं, की समोरचा सी ब्लॉक उभा आहे की पाडला, हे बाल्कनीतून कळत नव्हतं. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तुकडा परत उचलला.

बाबा म्हणजे मुरलीधर. केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर. सव्वीस वर्षं फायली हाताळून त्यांची अशी ठाम समजूत झाली होती, की जगात दोनच प्रकारचे कागद असतात. एक ‘मान्यतेसाठी सादर’ आणि दुसरा ‘माहितीसाठी सादर’. पहिल्या कागदावर वरचा माणूस विचार करतो. दुसऱ्यावर तो नुसती सही करतो, कारण व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मुरलीधररावांनी जन्मात दुसरा कागद वर पाठवला नव्हता. घरातला पंखा बदलायचा तरी ते आईपुढे, म्हणजे विनयापुढे, तीन पर्याय मांडायचे आणि चौथ्या दिवशी विचारायचे की निर्णय झाला का. विनया पहाडगंजच्या मराठी शाळेत धाकट्या वर्गांना शिकवायची. दिवसभर चाळीस मुलांचे निर्णय घेऊन ती घरी येई, तेव्हा एक्केचाळिसावा निर्णय घ्यायचं त्राण तिच्यात उरलेलं नसे.

त्याच आठवड्यात शाळेने अकरावीच्या विषयांचा फॉर्म दिला होता. बाबांनी तो भरूनही ठेवला होता. ‘सायन्स विथ मॅथ्स’, पेन्सिलीने. पेन्सिलीने लिहिलं म्हणजे चर्चेला वाव आहे, असं त्यांचं म्हणणं. चर्चा मात्र झाली नव्हती. सृष्टीला इतिहास आवडायचा, राज्यशास्त्र आवडायचं, मोलॅरिटी हा केमिस्ट्रीतला शब्द दिसला तरी ती पान उलटायची. पण तीनशे पालकांसमोर न डगमगलेला तिचा आवाज त्या पेन्सिलीच्या अक्षरांसमोर बसायचा. फॉर्म निळ्या फाइलमध्ये गेला. खाली विद्यार्थ्याच्या सहीची तेवढी जागा रिकामी होती.

बाबा तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, “आपण परदेशी जाणार आहोत.”

“कुणाला विचारलंत?” आईने सवयीने विचारलं.

“कुणालाही नाही.” ते ताठ बसले. मग कपात बघत जरा हळू म्हणाले, “उद्या अर्ज टाकतो.”

सरकारी नोकराला परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागते, हे सृष्टीला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपण एका साध्या प्रश्नाने केवढं यंत्र सुरू करून बसलो, हेही. हाँगकाँग ठरलं, कारण तिथे व्हिसाची भानगड कमी, म्हणजे तेवढीच एक परवानगी वाचली. पण बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. नऊ वर्षांत त्यावर एकही शिक्का उमटलेला नव्हता. त्याच्या नूतनीकरणासाठी चौकशीला हवालदार घरी आला. दोन शेजाऱ्यांची साक्ष हवी म्हणाला. समोरच्या प्रमोदिनी काकू धावत आल्या. त्या अकरा देश फिरलेल्या. त्यांनी पाऊण तास साक्ष दिली, ती सगळी स्वतःबद्दल. हवालदाराला जाताना तुर्कस्तानातल्या मिठाईची इत्थंभूत माहिती झाली होती आणि मुरलीधरराव इथे राहतात का, हे त्याने शेवटी वॉचमनला विचारलं.

मग काकूंनी सल्ल्यांचा रतीबच घातला. बाहेरचं काही खाऊ नका. छोटा कुकर न्या. मेतकूट न्या. हसू नका, तिकडे हसणाऱ्याकडे संशयाने बघतात. हसा, तिकडे न हसणाऱ्याला अडवतात. या दोन सल्ल्यांमध्ये फक्त एक रविवार गेला होता.

खात्यात फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकत होती. प्रवासाचं कारण म्हणून बाबांनी ‘प्रेक्षणीय स्थळे पाहणे’ असं लिहिलं होतं. ‘स्थळनिहाय तपशील द्यावा’ असा शेरा येऊन ती परतली. बाबांनी तक्ता जोडला. त्यात तिसऱ्या क्रमांकावर ‘बंदर’ होतं. फाइल पुन्हा आली. ‘बंदर पाहण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.’ बाबा दोन संध्याकाळी या प्रश्नावर बसून होते. त्यांनी बंदरांचा इतिहास लिहिला, खोडला. व्यापाराचं महत्त्व लिहिलं, खोडलं. सृष्टी भूगोलाची उजळणी करत समोर बसली होती. शेवटी त्यांनी काय लिहिलं ते तिने वाकून पाहिलं. एकच ओळ होती. ‘अर्जदाराने बंदर पाहिलेले नाही.’

लातूरजवळच्या गावात जन्मलेला आणि दिल्लीत रुजू झालेला माणूस. कुठे पाहणार होता? सृष्टीला उगीचच भरून आलं. तिने ते उजळणीवर ढकललं.

निघायच्या आधी आठ दिवस बाबांनी घरासाठी परिपत्रक काढलं. बत्तीस मुद्दे. मुद्दा नऊ, अनोळखी वायफायला जोडू नये. मुद्दा अकरा, परदेशी फोनचा पॅक फक्त कुटुंबप्रमुखाच्या नंबरावर राहील. मुद्दा चौदा असा: ‘चुकामूक झाल्यास मागे राहिलेल्याने पुढच्या ठिकाणी जावे. पुढे गेलेल्यांनी तिथेच थांबावे.’ आईने आणि सृष्टीने खाली ‘वाचले’ म्हणून सह्या केल्या. परवानगीचं काय झालं, असं आईने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, “प्रक्रियेत आहे.” आणि मार्चच्या शेवटी, बोर्डाचे पेपर संपल्यावर, ते निघाले.

दिल्लीच्या विमानतळावर सामानातल्या पिवळ्या पुडीपाशी तपासणी करणाऱ्या बाई थबकल्या. क्या है ये? मेतकूट म्हणजे काय, हे हिंदीत सांगणं मुळातच अवघड, त्यातून बाबांना तोंडी उत्तराची सवय नाही. त्यांनी खिशातून कागद काढला आणि मेतकूट या पदार्थाची व्याख्या, घटक आणि उपयोग इंग्रजीत लिहून, खाली सही करून, तारीख घालून बाईंना दिलं. बाईंनी ते वाचलं. दुसऱ्या बाईंना वाचायला दिलं. दोघी हसल्या आणि जाऊ दिलं. पुढचा तासभर बाबांनी खिशातलं पेन बाहेर काढलं नाही. माणसाचं लिखाण कुणी हसत वाचलं, की तो आतून मोडतो, आणि परिपत्रक सोडलं तर बंदराच्या प्रयोजनानंतरचं बाबांचं ते एवढंच लिखाण होतं.

हाँगकाँगला धुकं होतं.

साधंसुधं नाही. फरीदाबादचं जानेवारीतलं धुकं तिकीट काढून यांच्याआधी पोचलं असावं, असं. फरक एवढाच की हे कोमट होतं. हॉटेलच्या भिंतींना घाम फुटलेला, आईचे धुतलेले रुमाल दोन दिवस ओलेच. पहिल्या दिवशी ते उंच डोंगरावर गेले. तिथून म्हणे अख्खं शहर, बंदर, जहाजं, सगळं दिसतं. कठड्याला टेकून तिघं उभी राहिली. समोर पांढरं होतं. खाली पांढरं होतं. शेजारच्या एका कुटुंबाचे आवाज येत होते, कुटुंब दिसत नव्हतं.

“हात करा सगळे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोटो काढला. पांढऱ्या भिंतीसमोर आई आणि सृष्टी. पासपोर्ट फोटोसारखा. मग तक्त्यातल्या पहिल्या स्थळापुढे त्यांनी बरोबरची खूण केली.

आई प्रत्येक ठिकाणाहून निघताना माणसं मोजायची. शाळेची सवय. बोट हलवत “एक, दोन, तीन,” स्वतःला धरून. आणि बाबा दर दहा मिनिटांनी फोन काढून काहीतरी बघायचे आणि चेहरा पाडून परत खिशात ठेवायचे. देवळात तेच, बाजारात तेच. सृष्टीला वाटलं, त्यांना आवडत नाहीये. आपल्या प्रश्नामुळे हा माणूस इथवर फरपटत आलाय आणि दिवस मोजतोय. रात्री हॉटेलच्या वायफायवरून ती अक्षयाला मजेचे फोटो पाठवायची आणि उशीत तोंड खुपसून पडायची. निळी फाइलही सामानात आली होती. फॉर्म परतल्या दिवशीच द्यायचा होता आणि एखाद्या चांगल्या जागी बसून सही करू, असं बाबा निघताना म्हणाले होते. त्यामुळे प्रत्येक चांगली जागा सृष्टीला धसका देत होती. धुकं होतं, तेच बरं होतं.

तिसऱ्या दिवशी बंदर. चिम शा चोईच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि आठ-दहा मिनिटांत पलीकडे सेंट्रलला पोचते. धक्क्यावर माणसांचा लोंढा. आई आणि सृष्टी लोंढ्याबरोबर फाटकातून आत गेल्या. बाबा फाटकाशी थांबले, कारण तिथे प्रवाशांसाठी सूचनांचा फलक होता आणि सूचना न वाचता आत जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. ते शेवटच्या सूचनेवर होते तेव्हा घंटा झाली आणि फाटक लागलं.

आईने सवयीने बोट उचललं. “एक, दोन.” बोट तसंच हवेत राहिलं.

फेरी सुटली होती. धुक्यात धक्का विरघळला, धक्क्यावरचा मोठा घड्याळाचा मनोरा विरघळला आणि पोटाशी कापडी पिशवी धरलेले, तपकिरी स्वेटरातले बाबा विरघळले. पासपोर्ट त्यांच्याकडे. नकाशा त्यांच्याकडे. सृष्टीने शेजारच्या बाईंना हातवारे करून फोन मागितला आणि बाबांना लावला. बंद होता. फोन बंद ठेवणं बाबांच्या स्वभावातच नव्हतं, त्यामुळे आई जास्तच घाबरली.

“मुद्दा चौदा,” सृष्टी म्हणाली. “आपण पलीकडे थांबायचं. बाबा येतील.”

आईला धीर यावा म्हणून तिने पर्समधली दशमी काढून तिच्या हातात दिली. दशमी एका छापील कागदात गुंडाळलेली होती. सृष्टीने तेलकट कागद उलगडला आणि वाचला. ‘शुद्धिपत्रक. मुद्दा क्रमांक चौदा रद्द. त्याऐवजी वाचावे: पुढे गेलेल्यांनी मागे परत यावे. मागे राहिलेल्याने जागा सोडू नये.’ खाली निघायच्या आदल्या दिवशीची तारीख. बाबांनी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं आणि आईने पॅकिंगच्या धांदलीत हाताला लागेल तो कागद घेतला होता.

म्हणजे बाबा तिथेच उभे असणार. दोघी पलीकडे उतरल्या तशा वळल्या आणि परतीच्या फेरीत बसल्या.

पण बाबांनीही विचार केला होता. शुद्धिपत्रकावर कुणाची सही झालेली नव्हती. सही नाही, म्हणजे ते पोचलं नाही. पोचलं नाही, म्हणजे लागू नाही. तेव्हा मूळ मुद्दा चौदा. आणि ते पुढच्या फेरीत चढले.

बंदराच्या मधोमध दोन फेऱ्या समोरासमोर आल्या. धुक्यातून आधी हिरवा रंग दिसला, मग कठडा, मग कठड्याशी बाबा. तेवढे जवळ, की स्वेटरचं वरचं उसवलेलं बटण दिसत होतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी हात वर केला, रस्त्यात साहेब दिसल्यावर करतात तसा, अर्धाच. आई काहीतरी ओरडली. कुठल्यातरी मोठ्या जहाजाचा भोंगा वाजला आणि सगळं पुन्हा पांढरं झालं.

“आता?” आई म्हणाली.

आता त्यांनी पाहिलं होतं की बाबा मूळ मुद्द्याने चालले आहेत. म्हणजे आपण मागे राहिलो, आपण पुढे जायचं. आणि बाबांनी पाहिलं होतं की या दोघी परत येत होत्या, म्हणजे शुद्धिपत्रक पोचलेलं दिसतं, तर ते लागू. त्यामुळे पुढे गेलेल्याने, म्हणजे आता त्यांनी, परत यायचं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एकही फाइल इतक्या तत्परतेने हलली नव्हती.

दुसऱ्यांदा बंदराच्या मधोमध बाबांनी हात केला नाही. ते कठड्याशी नव्हतेच. आत एका बाकावर मान खाली घालून बसले होते. त्या फेरीतल्या बाकांच्या पाठी पुढेमागे उलटता येतात, जायचं असेल तिकडे तोंड करून बसता यावं म्हणून. बाबा उलटे बसले होते, जिथून निघाले तिकडे तोंड करून.

सेंट्रलला उतरल्यावर आई परतीच्या फाटकाकडे वळली. सृष्टी बाकावर बसली.

“उठ. ते तिकडे एकटे आहेत.”

“नाही आई. आपण इथेच बसायचं.”

“अगं, ते विचारतील, कुणाला विचारून थांबलात?”

“मला,” सृष्टी म्हणाली.

हा आवाज माइकवरचा नव्हता. बारीकच होता, जरा चिरकाही. आईने तिच्याकडे पाहिलं, मग बाकाकडे, आणि बसली. एक फेरी आली, बाबा नव्हते. दुसरी आली, नव्हते. आपण चुकलो असू तर? बाबाही तिकडे असेच बसून राहिले तर? परवानगी मागण्याचा हा मोठा फायदा असतो, चूक वाटून घेता येते, हे तिला तेव्हा कळलं. आई हातातल्या शुद्धिपत्रकाच्या घड्या घालत होती. तिसऱ्या फेरीतूनही ते आले नाहीत. आईचे डोळे भरले. तिने ते ओल्या रुमालाने पुसले आणि रुमाल सुकत नाहीत म्हणून हवेवर चिडली.

चौथ्या फेरीतून सगळ्यात शेवटी, सगळ्यांना आधी उतरू देऊन, बाबा उतरले.

“तीन,” आई म्हणाली आणि मग त्यांना खूप बोलली. फोन का बंद ठेवलात, फलक काय वाचत बसलात. बाबांनी ऐकून घेतलं. सृष्टीच्या शेजारी बसले. पिशवी मांडीवर घेतली. तिघंही समोर बघत राहिली, जिथे बंदर असायला हवं होतं.

“तीन फेऱ्या तिकडे तुमची वाट बघितली, मग आलो. फोन संपला होता,” बाबा म्हणाले. “सारखा मेल बघत होतो ना.”

“कसला मेल?”

“परवानगीचा.” त्यांनी चष्मा काढला. “आलीच नाही ती. ठरावीक दिवसांत उत्तर आलं नाही तर मिळाली असं समजावं, असा नियम आहे. कागदावर आहे. पण समजून कुणी जात नाही गं. मी समजलो आणि निघालो.”

आईचा हात तोंडावर गेला. सृष्टीला एकेक आठवत गेलं. तीन दिवसांचा तो पडलेला चेहरा, तो दर दहा मिनिटांनी निघणारा फोन. न आवडणं नव्हतं ते. भीती होती.

“तू जानेवारीत विचारलं होतंस,” बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. “तेव्हा उत्तर नव्हतं. आता हे आहे. एकच आहे, आणि त्यातही बंदर दिसलं नाही.”

धुकं हललंसुद्धा नाही. एक मोठं जहाज जवळून गेलं असावं, कारण लाटा धक्क्याला आपटल्या. जहाज दिसलं नाही. बाबा तरीही त्या आवाजाकडे मान वळवून ऐकत राहिले. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी पिशवीतून निळी फाइल काढली. म्हणाले, डोंगरावर करायची होती, पण आता हीच जागा बरी, कर सही. फॉर्म, पेन आणि शिस्तीप्रमाणे खोडरबर त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं.

सृष्टीने आधी खोडरबर उचललं. दमट हवेने कागद मऊ पडला होता, त्यामुळे ‘सायन्स विथ मॅथ्स’ हे शब्द सहज निघेनात, करडा डाग राहिला. त्या डागावर तिने पेनने लिहिलं, दाबून. मग सही केली. ती जराशी वाकडी आली, पण तिचीच दिसत होती. तिने फाइल मिटली आणि बाबांच्या मांडीवर परत ठेवली.

“आई, बाबा, मी अकरावीला ह्युमॅनिटीज घेतेय,” ती म्हणाली. “हे मान्यतेसाठी नाहीये. माहितीसाठी सादर.”